नईमचा उजवा पाय

कोल्हापूर जिल्ह्यात ड्रायव्हरला काहीही बोललेलं चालतं. घराण्यावरून बोलता येतं, मिशीवरून बोलता येतं, त्यानं गाडी जिच्यावर घातली त्या म्हशीवरून तर वर्षभर बोलता येतं. फक्त तो गाडी हळू चालवतो असं म्हणायचं नाही. तसं एकदा म्हटलं, की त्या माणसाला हायवेच्या दोन्ही बाजूंना काम मिळत नाही.

नईमला त्याच्या मालकानं नेमकं तेच म्हटलं. आणि म्हटलं कुठं, तर शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीच्या गेटवर, सात ड्रायव्हरांसमोर.

हे दोन हजार नऊच्या फेब्रुवारीतलं. नईम पेठ वडगावच्या भाऊसोंच्या पिकपवर होता. भाऊसोंची गाडी एकच, पण बोलताना ते "आमच्या गाड्या" म्हणायचे. काम ठरलेलं होतं. शिरोलीच्या फाउंड्रीतून ओतीव माल भरायचा, कागलला मशीनशॉपमध्ये उतरवायचा आणि परत यायचं. जुन्या पिकपनं नईमनं हा रस्ता आठ वर्षं अर्ध्या-पाऊण तासात संपवला, आणि एवढ्या जोरात का हाणतोस म्हणून आठ वर्षं शिव्या खाल्ल्या. दसऱ्याला भाऊसोंनी जुनी गाडी विकून नवी घेतली. दिवाळीनंतर नईमला त्याच रस्त्याला मधूनच दोन तास लागायला लागले.

"गाडी मधीच मरगळतीया, मालक," नईम सांगायचा. "पाय तळाला टेकवला तरी वीसच्या वर जाईना. बंद करून चालू केली की नीट. दोन मैलांवर परत त्येच."

"आणि मी बसलो की?"

"तुमी बसला की पळतीय."

"म्हंजे गाडी मला भितीय?"

यावर नईम काच पुसायला लागायचा.

जानेवारीच्या शेवटी लक्ष्मी टेकडीच्या चढाला त्याला उसाच्या ट्रॅक्टरनं मागं टाकलं. मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर ऊस, उसावर एक माणूस झोपलेला. जाताना ट्रॅक्टरवाल्यानं हात केला. शिवी दिली असती तर परवडलं असतं, पण त्यानं तो हात सहानुभूतीनं केला होता. आणि मागच्या एसटीत भाऊसोंचा मेव्हणा होता.

भाऊसोंचं म्हणणं असं, की नईम गोकुळ शिरगावच्या अलीकडं झाडाखाली गाडी लावून झोपतो. त्यांनी गेटवर ते मोठ्यानं सांगितलं आणि वर मुदत घातली. "महिना संपायच्या आत बिघाड माझ्या डोळ्याला दाव. न्हायतर किल्ली ठेव आणि दुसरं काम बघ. हळू चालवणारा ड्रायव्हर आमच्या गाड्यांवर नको."

म्हणून नईम आमच्या गॅरेजला आला.

आमचं गॅरेज शिरोली फाट्याजवळ. आमचं म्हणजे अल्लाउद्दीन उस्तादांचं. मी त्यांच्याकडं वर्षभर होतो. माझी पात्रता आयटीआय, वर पुण्यातला तीन आठवड्यांचा, गाडीचा बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरचा कोर्स. उस्तादांची पात्रता कान. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि आतला कुठला तुकडा काय म्हणतोय ते ऐकायचं. तीस वर्षं तुकडे त्यांच्याशी खरं बोलत आले होते. माझ्या स्कॅनरला ते मोबाईल म्हणायचे आणि मला इंजिनियर. दोन्ही शब्द त्यांच्या तोंडी शिवीसारखे लागायचे.

उस्तादांनी बॉनेट उघडलं, वाकले, आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

"एक्सलेटरची तार कुठं हाय?"

"न्हाय, उस्ताद. ह्या गाडीला तार नसतीय."

"मग पाय दाबल्यालं इंजिनला सांगतंय कोण?"

मी समजावून सांगितलं. पेडलजवळ एक डबी असते. डबीत दोन सेन्सर. पाय किती दाबला हे दोघंही कॉम्प्युटरला वेगवेगळं कळवतात. दोघांचा हिशोब जुळला की कॉम्प्युटर इंजिनला तेल सोडतो.

"दोन कशाला?"

"एक खोटं बोललं तर कळावं म्हणून."

"आणि न्हाय जुळलं तर?"

"तर कॉम्प्युटर दोघांवरही विश्वास ठेवत न्हाय. लाईट लावतो आणि गाडी हळू करतो. माणूस घरापर्यंत पोचंल एवढीच."

उस्तादांनी बॉनेट खाली घेतलं. "ही गाडी न्हाय," ते म्हणाले, "ही सासू-सून हाय." आणि चहा प्यायला गेले.

मी स्कॅनर जोडला. आत कोड साठून राहिला होता. पी एकवीस अडोतीस. पेडलच्या दोन सेन्सरचं एकमेकांशी जुळत नाही, असा त्याचा अर्थ. मी नईमला सांगितलं, तुझ्यात दोष नाही. नईमनं डोळे पुसले आणि म्हणाला धूळ गेली. आमच्या गॅरेजात धूळ असतेच, म्हणून मी त्याला स्वच्छ फडकं दिलं.

दुसऱ्या दिवशी तो भाऊसोंना घेऊन आला. पांढरे कपडे, काळा गॉगल, हातात गाडीच्या कागदांची पिशवी. मी स्कॅनरचा पडदा त्यांच्यापुढं धरला.

"ह्यो काय पुरावा झाला, पावणं? नुसता आकडा. आकडा तर मटक्याला बी लागतोय."

शेजारी पंक्चर काढून घेत असलेल्या एकानं मान वर करून विचारलं, "ओपन का क्लोज?"

"कंपनीचा कोड हाय ओ," मी म्हणालो. "सगळ्या जगात ह्येचा अर्थ एकच."

"जगाचं जग बघंल. आता दाखव की बिघाड."

आता बिघाड नव्हता. पडद्यावर दोन्ही सेन्सर सख्ख्या भावांसारखे वागत होते, म्हणजे पाहुणे आल्यावर वागतात तसे. मी म्हणालो, डबी उघडून आतलं कनेक्टर बघू. भाऊसोंनी पिशवी छातीशी धरली. "नवी गाडी हाय. वॉरंटी हाय. एक स्क्रू हलला तर तुमच्यावर केस करीन."

मग म्हटलं गाडी फिरवून बघू. नईमच्या शेजारी भाऊसो, मागं हौद्यात मी, स्कॅनरची वायर खिडकीतून आत. नईमनं तावडे हॉटेल मागं टाकलं, उचगाव मागं टाकलं. गाडी ऐंशीला गेली, नव्वदला गेली. मी हौद्यात उकिडवा बसून, ही आता तरी बिघडू दे म्हणून वाट बघत होतो. मेकॅनिकच्या आयुष्यात असे प्रसंग फार येत नाहीत. आत भाऊसोंचा आवाज चढत होता.

"पळतीय का न्हाय? बघ! पळतीय का न्हाय?"

"पळतीय, मालक," नईम म्हणाला. चोरी पकडल्यावर माणूस कबुली देतो तसा.

परत आल्यावर भाऊसो म्हणाले, "अजून धा दिवस हाईत." आणि रिक्षानं निघून गेले.

नईम तिथंच टायरवर बसला. नऊ वर्षं एकाच घरची गाडी. नवी शोधायची तर विचारणार, आधीच्यांनी का काढलं. आणि सात ड्रायव्हर सांगायला तयार. "खोटं सांगायचं तर काय बी सांगितलं असतं," तो म्हणाला. "दारू पितोय म्हणून काढलं म्हणलं असतं तर एखाद्यानं ठेवून तरी घेतलं असतं."

मी त्याला विचारलं, गाडी नेमकी कुठल्या कुठल्या दिवशी हळू झाली, ते आठवतंय का? त्याला आठवत नव्हतं, पण कागलच्या मशीनशॉपच्या गेटवर आत शिरताना चिठ्ठी मिळते, तिच्यावर तारीख आणि वेळ असते. आपण झोपत नाही हे सिद्ध करायला नईमनं दिवाळीपासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या सीटखाली जपून ठेवल्या होत्या. त्या चिठ्ठ्यांवरून एवढंच सिद्ध होत होतं, की तो झोपत असला पाहिजे.

आम्ही चिठ्ठ्या फरशीवर मांडल्या. उशिराच्या एकीकडं, वेळेवरच्या एकीकडं. उशिराच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे पडले. नोव्हेंबरच्या शेवटी दोन-तीन दिवस, मग महिनाभर गाडी गुणी. डिसेंबरच्या शेवटी परत तेच, जानेवारीच्या शेवटी परत तेच. मी डोकं खाजवत होतो. थंडी म्हणावं तर मधले दिवसही थंडच होते. माल जास्त म्हणावं तर पावत्या सारख्याच.

उस्ताद चहाचा ग्लास घेऊन मागं उभे होते. त्यांनी एक तारीख वाचली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेले, मागं तसंच टांगलेल्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटून बघितलं. परत आले, दुसरी तारीख वाचली, परत गेले. तिसऱ्यांदा त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"अमावस्या," ते म्हणाले.

तिन्ही गठ्ठे अमावस्येच्या दिवसापासून सुरू होत होते.

ही गोष्ट भाऊसोंपासून लपवायला हवी होती. पण नईम सरळ माणूस. त्यानं संध्याकाळी जाऊन सांगितली. भाऊसो दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते गॉगल न लावता आले.

"बाहेरचं हाय म्हंता?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"बाहेरचं न्हाय, आतलं हाय. डबीतलं."

"तरीच मी म्हणतोय, गाडी आली त्या दिवशी मांजर आडवं गेलतं." मग त्यांनी नईमच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी चूक न्हाय, गड्या. मी उगंच बोललो. ही गाडीच विकतो."

नईमचं तोंड उजळलं आणि लगेच पडलं. गाडी विकली की ड्रायव्हर कशाला लागतोय? आत्तापर्यंत खोटारडा म्हणून नोकरी जाणार होती, आता निर्दोष म्हणून जाणार होती.

मी भाऊसोंना म्हणालो, "मालक, बुधवारी अमावस्या हाय. त्या दिवशी तुमी स्वतः गाडीत बसून या. बिघाड झाला तर मला डबी उघडू द्या. कारण सापडलं न्हाय तर खुशाल विका."

"अमावस्येला? त्या गाडीत? मी?"

"नईम हाय की शेजारी."

"दिवसा यायचं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"दिवसा."

बुधवारी सकाळी अकरापर्यंत गाडी आली नाही. साडेअकराला फाट्यावर हॉर्नचा गोंधळ ऐकू आला. पिकप येत होती, मागं ट्रकांची रांग लागली होती. पिकपच्या पुढं एक बाई शेळ्या घेऊन चालली होती आणि तिच्यात नि गाडीत अंतर वाढत होतं. भाऊसो दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसले होते. नईम मात्र हसत होता. तीन महिन्यांत गाडी हळू चालल्याचा आनंद त्याला पहिल्यांदाच होत होता.

"इंजिन बंद करू नको!" मी ओरडलो आणि स्कॅनर घेऊन पळालो.

पडद्यावर सगळं उघडं पडलं होतं. नईमनं पेडल अर्धं दाबलं. एक सेन्सर म्हणाला पन्नास टक्के, दुसरा म्हणाला अकरा. सोडलं. एक म्हणाला शून्य, दुसरा म्हणाला तेवीस. मी भाऊसोंना बोलावून दाखवलं. वाळूच्या ठेक्यात दोन भागीदार असले की काय होतं हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. त्यांनी मान हलवली. "खोल," ते म्हणाले. "वॉरंटी गेली चुलीत."

मी पेडलखाली डोकं घातलं, डबीचं कनेक्टर ओढून काढलं. आतून मुंग्या आल्या.

एक-दोन नाही, बिऱ्हाडच होतं. काळ्या, बारीक, शिस्तीत. काही अंडी घेऊन निघाल्या. आतल्या पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या, दोन पिनांच्या मध्ये चिकट थर साचला होता, आणि त्यावर ताजी ओल होती. वीज एका पिनेवरून दुसरीवर चिकटपणानं चालत जात होती. सेन्सर बिचारे खरं सांगत होते. मधले लोक निरोप बदलत होते.

"मुंग्या का आल्या असतील?" मी म्हणालो.

उस्तादांनी मला बाजूला सारलं. करंगळी कनेक्टरला लावली आणि जिभेवर ठेवली. ब्रेक ऑइल आहे की पाणी, हे ते असंच ठरवायचे. मी त्यांना कितीदा सांगितलं होतं की हे विष असतं. ते म्हणायचे, विष कसं लागतं तेही कळायला पाहिजे.

त्यांनी डोळे मिटले. पुन्हा करंगळी लावली.

"नारळ," ते म्हणाले. "नारळाचं पाणी. आजचं वरती, जुनं खालती."

स्कॅनर माझ्या हातात चालूच होता. त्याला नारळाचा कोड नव्हता.

मी भाऊसोंकडं बघितलं. भाऊसो गाडीच्या नंबरप्लेटकडं बघत होते.

"मालक," नईम हळूच म्हणाला, "आजी."

भाऊसोंनी मग सांगितलं. त्यांच्या आई, धोंडुबाई, दर अमावस्येला सकाळी गाडीची पूजा करतात. हळद-कुंकू, हार, चाकाखाली लिंबू, नारळ. ते तर सगळेच करतात. पण धोंडुबाईंचं एक निराळं होतं. गाडी म्हणजे लक्ष्मी. तिला ड्रायव्हर दिवसभर पाय लावतो. तेही बुटानं, आणि दाबून. म्हणून अमावस्येला नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी पेडलांवर ओतून लक्ष्मीची माफी मागायची. जुन्या गाडीला आठ वर्षं हे चाललं. तारेला नारळाचं पाणी चालतं. पूजा चालू असताना नईम अदबीनं लांब कट्ट्यावर जाऊन बसायचा, त्यामुळं पाणी कुठं पडतं हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. भाऊसोंनी बघितलं होतं, पण पूजा म्हणून बघितलं होतं, पाणी म्हणून नाही.

"तर झालं की," मी म्हणालो. "मी पिना साफ करून देतो, वर व्हॅसलीन लावतो. आजींना सांगा, पाणी बाहेर वता."

भाऊसोंनी खिशातला गॉगल काढून लावला.

"तू सांग," भाऊसो म्हणाले.

"मी? आई तुमची हाय."

"म्हणूनच की."

धोंडुबाई ऐंशीच्या होत्या. त्यांच्या अमावस्येमुळंच जुनी गाडी आठ वर्षं एकदाही घासली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि सगळ्या गल्लीचंही. त्यांना जाऊन सांगायचं, की तुमच्या पूजेनं गाडी बंद पडते?

नईमनं तोड काढली. "मी चहा सांडला म्हणा, मालक. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं? आजी वतील तवा मी वरनं प्लॅस्टिकचा कागद धरीन, काय तरी कारण काढून."

भाऊसोंचा चेहरा मोकळा झाला. "शाब्बास. चहा सांडला. बेस झालं." ते दोन पावलं गेले आणि थांबले. "पर मग गल्लीत म्हणणार, नवी गाडी ड्रायव्हरनं चहा सांडून घालवली आणि ह्यांनी त्येला ठेवलाय. मेव्हणा तर गावभर सांगंल." त्यांनी नईमकडं खरोखरच्या दुःखानं बघितलं. "चहा सांडणारा ड्रायव्हर ठेवायचा कसा रं?"

उस्तादांनी कपाळाला हात लावला. बिघाड सापडला होता, कारण सापडलं होतं, निर्दोष माणूस सापडला होता, आणि नोकरी आणखी एकदा गेली होती.

मी गाडी नीट केली. पिना ब्रशनं घासल्या, स्पिरिटनं धुतल्या, वाऱ्यानं वाळवल्या. मुंग्यांना कागदावर घेऊन कंपाउंडबाहेर सोडलं. आणि गाडी वडगावला पोचवायच्या निमित्तानं मीही आत बसलो, कारण चहाची गोष्ट मला काही पटत नव्हती.

धोंडुबाई घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. भाऊसोंनी एका दमात सांगून टाकलं. नईमच्या हातनं चहा सांडला, डबीत गेला, मुंग्या झाल्या, गाडी हळू झाली, आता काय करायचं, ठेवायचं का काढायचं.

धोंडुबाईंनी एक शेंग फोडली. दाणे बाजूला टाकले.

"भावड्या," त्या म्हणाल्या, "नईम चहा पितोय?"

भाऊसोंनी एक शेंग उचलली आणि परत ठेवली.

"नऊ वर्सं मी त्येला सकाळच्याला दूध देतीया. चहा त्येला सोसत न्हाय, पोटात आग हुतीया. तुला म्हाईत न्हाय?" मग माझ्याकडं वळून, "ह्यो कोण पावणा? ह्येचं तोंड खरं सांगायला आल्यावानी दिसतंय. बोल."

मी सांगितलं. नारळ, पाणी, पिना, मुंग्या, सगळं. भाऊसो भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. नईमनं मान खाली घातली. धोंडुबाई ऐकता ऐकता शेंगा फोडत राहिल्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्यात अमावस्या करत्यात काय?"

"न्हाय आजी. आमच्यात पौर्णिमा."

"पौर्णिमेला नारळाचं पाणी वतता?"

"न्हाय. खीर करतो."

"खीर तर त्याहून वाईट," त्या म्हणाल्या. "चल, दाव मला ती डबी."

ऐंशी वर्षांची बाई पिकपच्या दारात वाकली. मी डबी दाखवली, पेडल दाबून दाखवलं.

"म्हंजे पाय लावल्यालं हिला कळतंय?"

"व्हय. किती लावला ते पण कळतंय."

"जुन्या गाडीला कळत न्हवतं?"

"न्हाय. जुन्या गाडीला नुसती तार होती."

धोंडुबाई सरळ झाल्या. माझा अंदाज होता की त्या रडतील नाहीतर मला हाकलतील. त्या भाऊसोंवर कडाडल्या. "ऐकलंस? जुनीला कळत न्हवतं तरी मी आठ वर्सं माफी मागितली. हिला सारं कळतंय. मोजून कळतंय. आणि तू म्हणतूस पाणी बंद करा?"

"आई, मी कुठं..."

"पर पाणी हिला सोसत न्हाय. नईमला चहा सोसत न्हाय तसं." त्यांनी पेडलकडं बघितलं, मग नईमकडं. वरून खाली बघत त्यांची नजर त्याच्या चपलेवर येऊन थांबली.

"हिच्यावर कुठला पाय ठेवतूस?"

"उजवा, आजी."

"मग झालं की. पाप पायाचं. पायच धुवू."

नईम दोन पावलं मागं सरकला. "न्हाय न्हाय आजी, तुमी माझ्या पायाला हात लावायचा न्हाय. मी मरंन."

"तुझ्या पायाला कोण हात लावतंय? मी गाडीच्या पायावर पाणी वतणार. तो तुझ्या अंगाला चिकटलाय, ह्यात माझी काय चूक?"

मी तीन आठवड्यांच्या कोर्सच्या आधारानं विचार केला आणि तांत्रिकदृष्ट्या काहीच अडचण दिसत नव्हती. एवढंच म्हणालो, "पाय कोरडा करून मगच पेडलवर ठेवायचा. ओला चालणार न्हाय."

"किती कोरडा?" धोंडुबाईंनी विचारलं.

"खडखडीत."

पाडव्याच्या आदल्या दिवशी पुढची अमावस्या आली. उस्तादांना बघायचं होतं म्हणून आम्ही दोघं सकाळी वडगावला गेलो. दारात पाट मांडला होता. पाटावर नईम, लाजेनं लाल झालेला, विजारीची उजवी बाजू गुडघ्यापर्यंत दुमडलेली. धोंडुबाईंनी नारळ फोडला. भाऊसो पायाखाली परात धरून उकिडवे बसले होते, पांढऱ्या कपड्यांवर थेंब पडू नयेत म्हणून अंग चोरून. धार पडली. धोंडुबाईंनी पायाची माफी मागितली की पायाच्या वतीनं गाडीची मागितली, ते नीट कळलं नाही. सारी गल्ली जमली होती. मेव्हणाही होता.

तेवढ्यात मागून दुधाचा टेम्पो आला आणि वाट मागू लागला. भाऊसो परात ठेवून उठले, गाडीत चढले, किल्लीला हात घातला.

"भावड्या!" धोंडुबाई ओरडल्या. "खाली उतर. तुझा पाय कुणी धुतलाय?"

"आई, नुसती जरा पुढं घेतो."

"हिला कळतंय! किती लावला ते बी कळतंय! ह्या गाडीला आता नईमबिगर कुणी पाय लावायचा न्हाय."

भाऊसो खाली उतरले. स्वतःच्या गाडीतून, गल्लीसमोर. त्यांनी किल्ली नईमच्या हातात दिली. नईमनं ती दोन्ही हातांनी घेतली, पण उठला नाही. पाय ओला होता. धोंडुबाई पदरानं वारा घालत होत्या. टेम्पोवाला हॉर्न देऊन दमला आणि तोही उतरून बघायला आला.

पावणेनऊला फाउंड्रीतून फोन आला. गाडी अजून का नाही, परत हळू चालवायला लागला काय तुमचा ड्रायव्हर? सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं पलीकडचा ओरडत होता.

भाऊसोंनी नईमकडं बघितलं, आईकडं बघितलं.

"ड्रायव्हर एक नंबर हाय ओ," ते फोनवर म्हणाले. "फकस्त पाय वाळंना झालाय."